काडेपेटीतली काच

"अठरा नॅनोमीटरच्या थरात प्रवाह असा उलटत नाही, तास्या. तू कुठेतरी माती खाल्लीस."

"येफिम मार्कोविच, मी चार वेळा गार करून पाहिलं. चारही वेळा प्रवाह शून्यावर आला, आणखी गार केल्यावर उलटून पुन्हा वाढला."

"मग चार वेळा खाल्लीस. सोमवारच्या व्याख्यानांच्या यादीतून नाव काढ."

प्रयोगशाळेचे प्रमुख आणि त्यांची विद्यार्थिनी यांचं हे चालू असताना आन्फिसा प्रोखोरोव्हना कोपऱ्यात चहा ओतत होती. चेर्नोगोलोव्का गावातल्या या प्रयोगशाळेत नायोबियम धातूच्या दोन थरांमध्ये तांबे-निकेलचा चुंबकी थर चढवायचं काम तिचं, एकतीस वर्षांचं. अतिथंडीत विनाअडथळा धावणारी वीज त्या मधल्या थरातून जाताना, जाडी नेमकी असली तर दिशाच फिरवते. थर पातळ असला तर बापडी सरळ जाते. म्हणून रीत अशी की नमुन्याशेजारी काचेचा तुकडा ठेवायचा. त्याच्यावरही तेवढाच थर चढतो. तो यंत्रावर मोजायचा आणि मगच वहीत आकडा लिहायचा. ही साक्षीची काच.

पण सगळे म्हणत, आन्फिसाच्या नजरेला यंत्र कशाला? ती हसून हात झटकायची, आणि दिवसभर ते वाक्य जिभेवर घोळवायची. मार्चमध्ये तास्याचा नमुना केला त्या खेपेला तिने रंग पाहूनच 'अठरा' लिहिलं. काच न मोजताच काडेपेटीत गेली.

तास्या खालच्या आवाजात म्हणाली, असेल, माझंच चुकलं असेल. आन्फिसाने ते ऐकलं. वर तिच्या बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा जास्त वाढून म्हणाली, "होतं ग पोरी, शिकताना होतंच."

घरी गेल्यावर आन्फिसाला तो चमचाभर मुरंबाच आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत तिने काच यंत्राखाली धरली. तेवीस. पुसून पुन्हा मोजली. तेवीसच. एवढ्या जाडीला प्रवाह उलटायलाच हवा होता.

तास्या आली ती भिंतीवरच्या यादीतलं स्वतःचं नाव खोडायलाच. आन्फिसाने काडेपेटी तिच्यापुढे ठेवली. मान वर होईना.

"तेवीस आहे. तेव्हा मी मोजलंच नव्हतं. तुझं बरोबर होतं."

तास्याने काच उजेडात धरून पाहिली. 

"कालच माहीत होतं तुम्हाला?"

"मोजलं नाही, हे माहीत होतं." आन्फिसाने ओठ चावला. "येफिम मार्कोविचना तू सांगतेस, की मी सांगू?"

तास्याने काच पेटीत ठेवली, पेटी आन्फिसाच्या तळहातावर ठेवली, खुंटीवरचा कोट घेतला आणि यादीतलं नाव न खोडताच निघून गेली.