काकूच्या गायीच्या पोटातलं पाणी

मी दुग्धशास्त्रात सूक्ष्मजीव हा विषय घेऊन एम.टेक. झाले, आणि त्यात आमच्या आईच्या गायींचं नुकसान झालं. मी शिकले नसते तर त्या सुखात असत्या.

नोकरी नाशकात, जनावरांच्या खाद्यात मिसळायची पावडर बनवणाऱ्या कंपनीत. पावडरीत लसूण, ओवा, द्राक्षबियांचा अर्क आणि कोट्यवधी उपकारक जिवाणू. पाकिटावरचा मजकूर लिहायचं काम माझं. जिवाणू उपकारक असतात हे मला माहीत होतं. ते कोट्यवधी आहेत हे मार्केटिंगच्या साहेबांना माहीत होतं.

दर शनिवारी मी वणीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी जायचे. द्राक्षबाग वडिलांची आणि गोठा आईचा, अशी आमच्याकडे वाटणी. तीन संकरित गायी, आणि आईच्या मते आता एक शास्त्रज्ञ मुलगी. डेअरीवर दूध घालायला गेली की ती माझं मत ऐकवल्याशिवाय परतायची नाही. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

यंदा द्राक्षाच्या हंगामात शेजारच्या वाइनरीतून चोथा मिळायला लागला. रस काढल्यावर उरलेल्या साली आणि बिया. मी आईला समजावलं की गायीच्या पोटात जिवाणू असतात, ते चारा आंबवतात, त्यातून वायू होतो आणि गाय तो ढेकरेवाटे सोडते. चोथ्यातल्या तुरट द्रव्याने हा वायू कमी होतो. ढेकरेत वाया जाणारी ताकद मग दुधात उतरते. आईने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, गाय ढेकर द्यायची बंद होईल का? मी म्हणाले, बंद नाही, कमी होईल. चोथा थोडा थोडा घाल, असंही सांगितलं. थोडा म्हणजे किती, ते सांगितलं नाही, कारण हे सगळं मी ज्या लेखात वाचलं, त्याचा तेवढा भाग वाचला नव्हता. आईने थोडा हे माप टोपल्याने मोजलं. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळी आळी तेच करू लागली.

तिसऱ्या शनिवारी मी पोचले तेव्हा मोठी गाय दाव्याला मान टाकून उभी होती. चारा तसाच पडलेला. रवंथ नाही, ढेकर तर अजिबात नाही. माझ्या प्रबंधात मी याला यश म्हटलं असतं.

मी आमच्या पावडरीची दोन पाकिटं गुळाच्या पाण्यात कालवून तिला पाजली आणि घड्याळ लावून बसले. काहीच झालं नाही. मग लक्षात आलं की पाकिटं महिनाभर गोठ्याच्या पत्र्याखालच्या फळीवर, उन्हात भाजत होती. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हे वाक्य त्यांच्यावर होतं. मीच लिहिलं होतं, सगळ्यात बारीक अक्षरांत, कारण गायीच्या फोटोला जागा हवी होती. म्हणजे मी गायीला मोठ्या श्रद्धेने कोट्यवधी मेलेले जिवाणू पाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गायीच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली, बराच वेळ तशीच ठेवली आणि पोट थांबलंय म्हणाले. सोडा पाजला. मग सांगितलं की तिच्या पोटातले जिवाणूच गेलेत, दुसऱ्या निरोगी गायीच्या पोटातलं पाणी काढून हिला पाजावं लागेल. तो धडा मला परीक्षेला होता, मला त्यात चांगले मार्क पडले होते. आदल्या दिवसापासून तो मला एकदाही आठवला नव्हता.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, गावात अशी एखादी गाय हे का, जिला तुम्ही अजून काही खाऊ घातलं नाय?"

आळीत एकच होती. ती काकूची, आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे. तिला चोथा मिळाला नव्हता, कारण आई आणि काकू सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. घर वेगळं झालं त्या उन्हाळ्यात आईने काकूकडे विरजण मागितलं होतं. काकूने संपलं म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी आईला तिच्या ओट्यावर ताकाचा डेरा दिसला. तेवढ्यावरून दोन घरांतला शब्द बंद झाला.

मी गेले. काकू गायीसाठी घास कापत होती. मी काय हवं ते सांगितलं. तिने विळा न थांबवता विचारलं, तुझ्या कंपनीत मिळत नाय का ते? मग ती म्हणाली, ज्याची गाय त्यानं मागावं.

आईने ऐकलं आणि साफ नाही म्हणाली. डॉक्टरांना पुढच्या गावी जायचं होतं. दुपारी परत येतो म्हणून ते गेले. मी त्या दोघींच्या मध्ये तीन फेऱ्या मारल्या. एवढं शिकून मला निरोप पोचवायचं काम मिळालं, आणि तेही जमलं नाही.

बाराच्या सुमारास गाय बसली आणि उठेना. आईने तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं, शेपटीला हात घालून पाहिलं, तोंडाशी हिरवा घास धरला. मग पदर खोचून भिंतीला वळसा घालून निघाली. मी मागे गेले. काकूच्या दारात ती उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "गाय उठत नाय माझी."

काकूने तिच्याकडे पाहिलं. "मग इतका उशीर का लावला?" एवढंच बोलून ती गाय सोडायला गेली.

डॉक्टर आले तेव्हा काकूची गाय आमच्या अंगणात बांधलेली होती. त्यांनी तिच्या तोंडात आडवा दांडा दिला, घशातून नळी उतरवली. काकू शिंगं धरून तिला चुचकारत होती, आई पातेलं धरून उभी होती. हिरवट, आंबूस वासाचं पाणी आलं. काकूने ते फडक्यातून चरवीत गाळलं आणि चरवी पदराखाली पोटाशी धरली. गार झालं तर मरतील ना ते, असं तिने डॉक्टरांना विचारलं. साठवणुकीचा नियम तिला कोणी सांगितला नव्हता. मी मान खाली घातली. डॉक्टरांनी ते कोमट पाणी नळीने आमच्या गायीच्या पोटात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाय उठून उभी होती. आठ वाजता रवंथ सुरू झाला. आई तिच्यासमोर बसून राहिली, आणि भिंतीवरून काकूने विचारलं, शेण कसं हे? आईने सांगितलं. दूध पूर्वपदावर यायला महिना लागला. त्या दोघी आता बोलतात, पण फक्त जनावरांविषयी, आणि बहुतेक वेळा माझ्याविषयीही त्याच ओघात.

ऑफिसात मी सगळं खरं सांगितलं. साहेबांना गोष्ट फार आवडली. त्यांनी बऱ्या झालेल्या गायीचा फोटो मागवला आणि पत्रकावर छापला, शेजारी आमचं पाकीट, खाली 'नैसर्गिक उपचाराची किमया'. पाकीट पाजल्याने काही झालं नव्हतं, असं मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, पाजलं तर होतं ना?

पत्रक गावात पोचलं. काकूने ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि मला विचारलं, "ह्याच्यात माझी गाय कुठं हे?"

मी म्हटलं, पुढच्या खेपेला टाकू. तिने पत्रकाची घडी करून डब्याच्या झाकणाखाली लावली. झाकण जरा सैल झालं होतं, तेवढा उपयोग झाला.