चौथाई तिकिटाची सोबत

माझ्या आजाराची बातमी रोहिणखेडात पसरली तेव्हा लोक भेटायला आले, हळहळले, चहा पिऊन गेले. रेल्वेची सवलत कळल्यावर जे येऊ लागले, ते वेगळ्याच कामाने. कॅन्सरच्या पेशंटला मुंबईपर्यंत गाडी फुकट आणि सोबतच्या माणसाला चौथाई तिकीट. ते चौथाई तिकीट सगळ्या गावात फिरलं.

पहिल्या खेपेला आमचे मालक आले. पुढच्या खेपेला कापूस वेचायला आला होता, म्हणून ते थांबले आणि माझा भाऊ आला. मग रीतच पडली. ज्याचं मुंबईत काम असेल त्याने माझ्यासोबत यायचं आणि बदल्यात आमच्या वावरात निंदणाला हात लावायचा. मालकांना हे फार पटलं. शेतातलं काम होतं, बाईला सोबत होते, तिकीटही वाया जात नाही. हिशेब चुकीचा नव्हता, म्हणूनच मला भांडता येईना. म्हाताऱ्यांची सवलत रेल्वेने बंद केल्यापासून तर पारावरचे म्हातारेही विचारायचे, "काहो बाई, पुढची तारीख कवा हाय तुमची?" जशी काही मी मुक्कामी एसटीच!

कोणी लेकाकडे जायचं, कोणी लग्नाला. सगळे मलकापूरला माझी पिशवी उचलायचे, मला खिडकीशी बसवायचे, पाणी पाजायचे आणि आपापल्या स्टेशनावर उतरून जायचे. वाईट कोणीच नव्हतं. पुढे दवाखान्यापर्यंत मी एकटी. हळूहळू मला कशाचंच काही वाटेनासं झालं. सुई टोचली तरी नाही. केस गेले तेव्हा ते गोळा केले, फेकून दिले आणि भाजी चिरायला बसले.

शेवटच्या तपासणीचा निकाल ऐकायला जायचं होतं, तेव्हा मात्र मी मालकांना आधीच बजावलं होतं, "या खेपेला तुमीच या. चांगलं असो की वाईट, ऐकतानी घरचं कोणी पायजे मले." ते हो म्हणाले. मग मोठी जाऊ आली. तिच्या लेकीला डोंबिवलीला मुलगा झाला होता, डिंकाचे लाडू पोचवायचे होते. मालक मलकापूरला गेले, तिकीट खिडकीवर स्वतःच्या जागी तिचं नाव दिलं आणि घरी येऊन मला सांगितलं.

"अवं, तू तं नेहमीच जाते. तुले काय नवं हाय का तिथं?"

असा संताप आला! "मंग डिंकाचे लाडूच पोचवून येतो, रिपोर्ट राहू द्या," असं फाडकन बोलले मी. ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. गाडीत जावेने त्यातलाच एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. चव लागली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाईने विचारलं, "नातेवाईक कोण?"

"कोणी नाही. मीच हाय."

"सोबत कोणी असल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. बोलवा कोणाला तरी."

जावेला फोन लावला, तर ती बाळाला न्हाऊ घालत होती. बसले तशीच. शेजारी जालन्याकडचे एक दादा बसले होते, गळ्याला पट्टी. त्यांनाही असंच बसवून ठेवलेलं. त्यांचा भाचा त्यांच्या चौथाई तिकिटावर आला आणि ठाण्याला उतरून आपल्या कामाला गेला. सगळीकडे हेच चाललंय तर, असं मनात आलं.

"ताई," ते म्हणाले, "मी तुमचा भाऊ होतो. तुम्ही माझी बहीण व्हा. काय म्हणता?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

आधी माझा नंबर लागला. दादा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, आजार कुठे दिसत नाही, आता वर्षातून एकदा या. मला आनंद झाला नाही, काहीच झालं नाही. मी भिंतीकडे बघत राहिले. दादांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला, "लई चांगलं झालं, माय," म्हणाले आणि डोळे पुसले.

मग त्यांचा नंबर. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवून घेतलं. "तुमच्या भावाला आता एवढ्या लांब आणू नका. घरीच ठेवा. दुखू नये म्हणून गोळ्या देतो." मी मान हलवली. त्यांचं नावसुद्धा मी अजून विचारलं नव्हतं.

मी बाहेर आले. दादा उठून उभे राहिले.

"काय म्हणले?"

"आता मुंबईले येऊ नका म्हणाले."

त्यांचा चेहरा खुलला. खेड्यात आजार फेऱ्यांवरच मोजतात, फेऱ्या सुटल्या की माणूस बरा. "म्हणजे बरा झालो?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खरं ऐकताना आपलं कोणी जवळ असावं, एवढ्याचसाठी तर मी घरी भांडले होते. मी त्यांना खाली बसवलं आणि हात धरला.

"नाही, दादा. आता बरं होणं नाही म्हणाले."

ते माझा हात तेवढा घट्ट धरून राहिले. इतक्यात जावेचा फोन आला. "कुठी हायेस वं? गाडीची येळ झाली." सवलतीचं तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही, आणि पेशंट नसला की सोबतीचंही बाद. तिला ते पक्कं माहीत होतं. ती ओरडायला लागली. दादांना ऐकू गेलं.

"जा, ताई," ते म्हणाले. "गाडी सुटंल तुमची."

"सुटू द्या," मी म्हटलं.