शालिकच्या मसाल्याच्या पुड्या

शालिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी विजेचं बिल भरायच्या रांगेत उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा, रेखाचा. ती सुरतेतच वाढलेली, त्यामुळे घाईत असली की तिच्या तोंडी गुजराती येतं. "काका, पप्पा ऑफ थई गया," एवढंच म्हणाली. इकडे माणूस गेला की असंच म्हणतात. इतकी वर्षं ऐकतोय, तरी त्या दिवशी ते कानाला टोचलं. मी रांग मात्र सोडली नाही. पुढे चारच माणसं होती. बिल भरलं, पावती खिशात घातली आणि मग शालिकच्या घरी, कोसाडला जायला रिक्षा पकडली. याची लाज वाटते का, असं कुणी विचारलं तर नक्की सांगता येणार नाही. साठी उलटल्यावर वाईट वाटायलासुद्धा थोडा वेळ लागतो. ते वाटू लागलं ते पंधरा-वीस दिवसांनी, आणि म्हणून आज लिहायला बसलो आहे.

शालिक अमळनेरकडचा, मी मलकापूरकडचा. गाव वेगळं, बोली वेगळी, पण दोघांची रेल्वेलाइन एकच, आणि सुरतेत तेवढं नातं पुष्कळ झालं. सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आम्ही नवागामच्या एका खोलीत होतो. माणसं आठ, गाद्या चार. चौघं दिवसपाळीला गेले की रातपाळीचे चौघं त्याच गाद्यांवर आडवे व्हायचे. माझी आणि शालिकची गादी एक. सकाळी सातला मी यंत्रमागाच्या कारखान्यातून परतायचो तेव्हा तो चप्पल घालत असायचा. संध्याकाळी सातला तो यायचा तेव्हा मी. आमची मैत्री झाली ती अशी दारात उभ्या उभ्या. नीट बसून बोलणं व्हायचं ते मालक माग बंद ठेवायचा त्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी आम्ही दोन कामं करायचो, कपडे धुणं आणि पत्र लिहिणं.

पत्र मी लिहायचो, सांगायचा तो. मी दहावी पास, अक्षर बरं, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. गावाकडून निघताना बायकोनं, म्हणजे विमलवहिनींनी, त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं... दोन वेळा पोटभर जेवायचं. ते जमत नसेल तर परत यायचं, इथं कुणाला तुझी कमाई नकोय. आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. खोलीपासून चार गल्ल्या पलीकडे एका मावशींची खाणावळ होती. मी तिथंच जेवायचो. शालिकनं ती दुसऱ्याच महिन्यात सोडली. त्याला बायकापोरांसाठी स्वतंत्र दाराची खोली घ्यायची होती, आणि पोटाला चिमटा काढल्याशिवाय ती मिळणार नव्हती. आठ पुरुषांच्या खोलीत तिला आणायचं नाही आणि उपाशी राहतो हे तिला कळू द्यायचं नाही, या दोन गोष्टींवर त्याची सुरत टिकून होती.

मग तो खायचा काय? नूडल्स. जाहिरातीतल्या नव्हेत, त्या आम्हाला महाग. सुरतेबाहेर सचिन गावाच्या बाजूला कुठंतरी बनणाऱ्या, पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या, ज्यांची अर्धी चकती दुकानात पोहोचेपर्यंत भुगा व्हायची. पहिल्यांदा आणल्या तेव्हा घरच्या शेवया समजून त्यानं त्या गूळ-दुधात शिजवल्या. तेलकट वास आला, आणि आठही जणांनी नाकं मुरडत ते पातेलं चाटूनपुसून संपवलं. पुढे त्याचा हात बसला. वातीच्या स्टोव्हवर पाणी उकळायचं, चकती टाकायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट. कधी शेजारच्या बाईनं वाटीभर आमटी दिली तर त्यात. रॉकेल संपलेलं असलं तर पाकीट मुठीनं चुरगाळायचं, कांदा चिरून घालायचा, वरून कच्चं तेल, आणि चिवड्यासारखं खायचं. हा प्रकार मलाही आवडायचा. पण त्याची सर्वात लाडकी पद्धत म्हणजे गिचका. नूडल्स पाण्यात इतक्या शिजवायच्या की चावायचं कामच उरू नये. मी एकदा म्हटलं, "अरे, ही काय आजाऱ्याची पेज करतोस?" तर म्हणाला, "मास्तर, बारा तास कानमा खटखट शे. आते दातसनी तरी गप बसो." मी हसलो होतो. पुढे रातपाळीहून आल्यावर खाणावळीची पोळी चावता चावता मलाच पेंग यायला लागली, तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. थकलेल्या माणसाला चव नको असते, लवकर संपणारं काहीतरी हवं असतं.

या नूडल्समध्ये मसाल्याची एक चंदेरी पुडी यायची. शालिक ती कधीही फोडायचा नाही. ठेचा आहे की, म्हणायचा, आणि पुडी बाजूला काढून खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत टाकायचा. गावाकडं कुणी निघालं की त्या पुड्यांचं एक पुडकं त्याच्या हाती द्यायचा... पोरांना. सुरतेहून पाठवण्यासारखं त्याच्याकडं तेवढंच होतं. पोरं वाट बघायची म्हणे. नूडल्स कशा दिसतात हे न बघताच त्या दोन लेकरांना त्यांची चव ठाऊक झाली होती.

आणि पत्रात मी काय लिहायचो? मी माझं ताट लिहायचो. आज खाणावळीत वांग्याची भाजी होती, पोळ्या मऊ होत्या, रविवारी वरण-बट्टी आणि शेवभाजी. जेवण माझं, पत्र त्याचं. मला लिहायची हौस, त्यामुळे पुढंपुढं हात सैल सुटला. जे माझ्याही ताटात नव्हतं ते मी त्याच्या ताटात वाढू लागलो. एकदा बासुंदी लिहिली तेव्हा त्यानंच मला थांबवलं. "एवढं लिखू नको. घर गयावर ती इचारी, इतलं खास ते आंगले कसं लागत नही?" इतकं खाणाऱ्याच्या अंगाला ते लागलेलं दिसायला हवं, हेही खरंच. मी बासुंदी खोडली, वरण-बट्टी राहू दिली. आपण फार छान लिहितो असं मला तेव्हा वाटायचं. त्याला एकदाही माझ्यासोबत खाणावळीत ओढून नेलं नाही, हे मात्र सुचलं नाही. पाळ्या वेगळ्या होत्या हे खरं. पण सुट्टीचा दिवस होता ना. सुट्टीच्या दिवशी मी एकटा जेवून यायचो आणि तोंड पुसून त्याचं पत्र लिहायला बसायचो.

प्लेगच्या आदल्या वर्षी, दिवाळी झाल्यानंतर, मी एका सकाळी रातपाळीहून आलो तर खोलीच्या उंबऱ्यावर एक बाई बसलेली. शेजारी दोन पोरं, एक पिठाचं गाठोडं आणि फडक्यात बांधलेला तवा. शालिक नुकताच कामावर गेला होता, वाटेत त्यांची चुकामूक झाली होती. मी नाव सांगितलं तशी तिनं मला नीट न्याहाळून घेतलं.

"पत्र तुम्हीच लिखतस ना भाऊ?"

मी हो म्हटलं, जरा खुशीतच.

"मंग माले ती खाणावळ दखाडा."

त्या चार गल्ल्या मी जमेल तितक्या सावकाश चाललो. मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यांना मी डोळ्यांनी पुष्कळ खुणावलं, पण विमलवहिनींनी सरळ नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं आणि मावशींनी सरळ सांगून टाकलं, "शालिक? दोन वर्षं झाली असतील, इकडं फिरकलेला नाही." वहिनी रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. आपला अंदाज बरोबर निघाल्यासारखी मान हलवली आणि पोरांना घेऊन परत फिरल्या.

अंदाज त्यांना आला होता तो पुड्यांवरून. पहिल्या पुडक्यात पाच निघाल्या, पुढच्यात नऊ, दिवाळीला एकवीस. त्यांनी अमळनेरच्या बाजारात एका दुकानदाराला पुडी दाखवून विचारलं, ही कशात येते? तो म्हणाला, एका पाकिटात एक, आणि एक पाकीट म्हणजे एका माणसाचं एक खाणं. त्यांना अक्षरओळख नव्हती, माझी पत्रं शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. गुरुजी वरण-बट्टी वाचत असताना ही बाई मनात पुड्या मोजत बसली होती. दोन वर्षं मी इतकं रंगवून लिहिलं, आणि त्यातल्या एकाही शब्दावर तिचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी मी कामावर खाडा केला. शालिक संध्याकाळी आला, दारातच थबकला, आणि आधी माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, तू सांगं का?"

"त्यासनी काही नही सांगं," वहिनी म्हणाल्या. "तुन्या पुड्यासनी सांगं. आते मी आठेच ऱ्हासू."

ती इथंच राहणार हे ऐकून शालिक खाली बसला. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ती सुटका होती. जड गाठोडं डोक्यावरून कुणीतरी उतरवून घेतल्यावर हमाल जसा क्षणभर नुसता उभा राहतो, तसा तो बसून राहिला. पोरगी त्याच्या मांडीवर जाऊन बसली तरी त्याचा हात उचलला जाईना.

खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी धावपळ करून त्याच गल्लीत त्यांना पत्र्याची एक खोली मिळवून दिली. वहिनी घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करू लागल्या. त्यांच्या घरात नूडल्सना बंदी होती, ती कायमची. पोरं शेजारी जाऊन खायची. शालिकलाही अधूनमधून हुक्की यायची, मग तो माझ्या खोलीवर येऊन गिचका करून खायचा आणि मिशा धुऊन घरी जायचा. प्लेगच्या दिवसांत अर्धा नवागाम गाड्यांना लटकून गावाकडं पळाला, हे चौघं पळाले नाहीत. वहिनी म्हणाल्या, एकदा वेगळं राहून बघितलं, पुरे झालं. पुढं कोसाडला घर झालं, रेखाचं लग्न झालं, मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात लागला. शालिकच्या छातीत रुईची धूळ साचत गेली. शेवटची पाच-सहा वर्षं तो जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबायचा. आम्ही भेटायचो, पण बोलायला फारसं उरलं नव्हतं. दोघं खुर्च्या टाकून बसायचो आणि रस्त्याकडं बघायचो. कंटाळा यायचा असं नाही, दमलेलो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले, तशी वहिनींनी सुनेला खाली दुकानात पाठवलं. ती दोन पाकिटं घेऊन आली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तो करे तशा करी दे." इतक्या वर्षांत त्या मला कधी तुम्ही म्हणायच्या, कधी तू. त्या दिवशी तू होतं. मी ओट्याशी उभा राहिलो. पाणी उकळलं, चकत्या टाकल्या, चावायला लागू नयेत इतक्या शिजवल्या, ठेचा आणि कूट घातला. पुड्या सवयीनं बाजूला काढून ठेवल्या. त्या खाली बसून सगळं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "एकलाच खाये का?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. आम्ही दोघं एकाच ताटलीत जेवायचो, हसतखेळत... अशी वाक्यं मी या बाईला दोन वर्षं पाठवली होती. अजून एक पाठवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण नको वाटलं. इतकी वर्षं झाल्यावर खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं.

"हो वहिनी," मी म्हटलं, "एकटाच. भिंतीकडं तोंड करून, पातेल्यातच. मी खाणावळीत जेवत होतो."

त्यांनी पातेल्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आम्ही काय खात व्हतूत, ते तुम्ही दोन्हीसनी कधी इचारं का?"

नव्हतं विचारलं. त्यांच्याकडून येणाऱ्या पत्रात दूध असायचं, भाजी असायची, पोरं मजेत असायची. तीही गुरुजींकडून लिहवून घेतलेलीच पत्रं. खरं काय ते वहिनींनी आता सांगितलं. शालिकचे पैसे दिराकडं राहणाऱ्या सासऱ्यांच्या औषधाला जायचे. भाकरी असायची, कालवण नसायचं. वहिनी तांब्याभर पाणी उकळत ठेवायच्या, त्यात सुरतेची एक पुडी सोडायच्या आणि भाकरी कुस्करून तिघं खायची. पोरं बोटं चाटायची. त्यांना मात्र पुडी फोडताना दर वेळी कळायचं की ही पुडी आली म्हणजे एका वेळेला तो जेवला नाही. आणि तरी ती फोडावी लागायची.

"म्हणजे एकच पाकीट आम्ही दोन्हीसनी खादं," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज साधा होता. "शेवया त्यानी, आन पानी मी."

मी दोन ताटल्यांत वाढलं. त्या उठल्या, ओट्यावरची एक पुडी उचलली, दातानं फोडली आणि दोन्ही ताटल्यांवर अर्धी अर्धी टाकली. तीस वर्षं ज्या घरात नूडल्स शिजल्या नव्हत्या, तिथं आम्ही समोरासमोर बसून त्या संपवल्या. फार खारट होत्या.