मंगळवारचा अकराचा फोन

सर सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते, म्हणजे सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून होते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. सरांचा पाय कायम त्याच्यावर, म्हणून पोरं त्यांना पाठीमागे ब्रेकसर म्हणायची. सरांना ते माहीत होतं. "क्लच हळू सोडा, तो कुठे पळून जात नाही," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा बोलत, आणि दहाही वेळा तितक्याच थंडपणे.

एका सकाळी दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट गाडी चालवत होती. ती लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. पुलाच्या चढावर सरांच्या छातीत कळ आली. ब्रेक दाबायला गेले तर पाय हलेना. "हॉस्पिटल," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तिने दोन सिग्नल पार करून गाडी थेट हॉस्पिटलच्या दाराशी उभी केली. तिसऱ्या दिवशी बायपास झाली, आणि पुढच्या आठवड्यात सर घरी आले.

जखम भरली, रिपोर्ट चांगले आले. पण सर चपलांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीत बसायचे ते तिथेच. दाढी नाही, पेपरची घडी मोडलेली नाही. त्यांची बायको वाचनालयात काम करायची. संध्याकाळी आल्यावर तिला चहाचा कप सकाळी होता तिथेच दिसायचा. भेटायला येणाऱ्यांना सर म्हणत, "एकदम मस्त." मग लोकांनी यायचं कमी केलं.

हॉस्पिटलमधून निघताना त्यांनी, घरी गेल्यावर फोनवर विचारपूस केली तर चालेल, अशा एका फॉर्मवर सही केली होती. त्यानुसार एका मंगळवारी अकराला एका सिस्टरचा फोन आला. मंगळवारी वाचनालय बंद असायचं, म्हणून बायको घरी होती. सिस्टरने नऊ प्रश्न विचारले, जितके दिवस जास्त तितके गुण जास्त. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, झोप बिघडली, थकवा आला, असे. सरांनी हजेरी दिल्यासारखं नऊ वेळा सांगितलं, "एकही दिवस नाही."

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. "सिस्टर, आता हेच प्रश्न मला विचारा."

तिची उत्तरं संपल्यावर सिस्टरने सरांना परत फोनवर बोलावलं. तिने सांगितलं की हृदयाच्या आजारानंतर असं पुष्कळांना होतं, त्याला नैराश्य म्हणतात, ते अंगावर काढलं तर हृदयालाही जड जातं, आणि त्यावर उपचार आहेत. ती दर मंगळवारी फोन करणार होती. तिच्या नोंदी मनोविकारतज्ज्ञ बघणार होते, आणि लागलंच तर औषध सरांच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवणार होते.

"म्हणजे तुम्ही चालवणार आणि तज्ज्ञ शेजारी बसणार," सर म्हणाले.

ती हसली नाही. "तुम्ही दिवसभर काय करता ते सांगा," म्हणाली.

तिचं काम अगदी किरकोळ गोष्टींपासून सुरू झालं. रोज कुठलीही एक गोष्ट करायची, वहीत लिहायची, आणि त्यानंतर कसं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे. पहिल्या आठवड्यात सरांनी लिहिलं: "दाढी केली. दोन." दुसऱ्या आठवड्यात: "फाटकापर्यंत गेलो. एक. कुत्रं भुंकलं."

चौथ्या फोनवर नववा प्रश्न आला, जगणं नकोसं वाटतं का.

"जीव द्यायचा विचार नाही," सर म्हणाले. "पण हृदयाच्या गोळ्या मी सहा दिवस घेतलेल्या नाहीत. नाही घेतल्या तर काय होतं ते बघू, असं वाटतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सिस्टरने आणखी चार प्रश्न विचारले, फोन चालूच ठेवला, आणि मनोविकारतज्ज्ञांना जोडून घेतलं. सर त्यांच्याशी पाऊण तास बोलले. त्याच दिवशी नैराश्याची गोळी सुरू झाली आणि गोळ्यांच्या सगळ्या पाकिटांचा ताबा बायकोकडे गेला.

गोळीने तोंड कोरडं पडायचं. फरक दिसायला महिना लागला. सातव्या फोनवर सरांनी पुलावरची गोष्ट काढली. "ब्रेक दाबता आला नाही मला. ती पोरगी घाबरली असती, तर दोघंही गेलो असतो. आता कुठल्या तोंडाने शेजारी बसू?"

"पण ती घाबरली नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना?" सिस्टर म्हणाली.

"हे बोलायला बरं वाटतं, बाई," म्हणून सरांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या मंगळवारी अकराला फोन वाजला. सरांनी तो तिसऱ्या रिंगला उचलला. सिस्टर म्हणाली, "मागच्या वेळी मी घाई केली. ते जड होतं, आणि मी हलकं करायला गेले."

"हो," सर म्हणाले. मग म्हणाले, "स्कूलच्या मालकांनी गाडी इथे घरासमोरच लावलीय. नुसतं जाऊन बसलं तर चालेल का?"

ते बसले. इंजिन न लावता, दहा मिनिटं. वहीत लिहिलं: "गाडीत बसलो. घाम आला. चार." मग कॉलनीला एक फेरी, बायको शेजारी. तिला गाडी येत नव्हती, तरी वळणावर तिचा पाय ब्रेक शोधायचा. सरांना हसू आलं. बायकोने ते बघितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

फोन आठ महिने चालले. शेवटच्या वेळी नऊ प्रश्नांची बेरीज सहा आली, पहिल्यांदा बायकोच्या उत्तरांवरून ती एकोणीस होती. सर आणि सिस्टर एकमेकांना कधीच भेटले नाहीत.

सर आता सकाळी तीनच शिकवण्या घेतात, चढाचा रस्ता दुसऱ्या शिक्षकाकडे दिलाय. गोळी अजून चालू आहे. महिन्यातून एखादा दिवस उठवत नाही, तेव्हा ते शिकाऊ माणसाला स्वतः फोन करतात. "आज माझं मन ठीक नाही. उद्या याच वेळेला या," म्हणतात, आणि फाटकापर्यंत चालून येतात.