पायाची नोंद

सुनयना मेडिकल कोडर आहे म्हणजे नेमकं काय करते, हे तामसी गावच्या तिच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. आदिलाबादच्या घरी खिडकीशी बसून ती परदेशातल्या रुग्णांच्या फायली वाचते आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देते. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पायात बसवलेल्यांच्या फायली तिच्याकडे फार येतात. वाचता वाचता तिची तंद्री लागते. कधी न पाहिलेली ती माणसं वेचणीला आलेल्या कापसाच्या रांगांमधून हळूहळू चालू लागतात, आणि सुपरवायझरचा मेसेज आला की विरून जातात.

त्या दुपारी ती एका फायलीपाशी अडली. बसवलेल्या हाडाजवळ लाली, पाणी, ताप, सगळं नर्सनं लिहिलं होतं. डॉक्टरांनी मात्र संसर्ग कुठंच म्हटला नव्हता. डॉक्टरांनी लिहिलं नाही ते कोडरनं मानायचं नाही. विचारायचं, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. सुनयनानं चारदा खोडून प्रश्न लिहिला: या पायाविषयी आपलं निदान काय, कृपया नोंदवावं.

मागे तिची माय, बयनाबाई, पलंगावर तुरीच्या शेंगा सोलत होती. बांधावरून पडून मोडलेल्या तिच्या पायातही असंच हाड बसवलेलं, त्याला पाच महिने झाले. रोज सकाळी सुनयना विचारायची, माय, बरं हाय ना? माय म्हणायची, बरं हाय. झालं, नोंद पक्की. जगाच्या पायांची काळजी वाहणाऱ्या बाईनं घरचा पाय असा उरकला होता. हे आत्ता उमगलं तेव्हा तिला लाज वाटली, आणि भीतीही.

ती उठून मायजवळ बसली. खोलीभर कोवळ्या शेंगांचा हिरवा वास होता.

"माय, पायाले काय होऊन राह्यलं, तूच सांग."

बयनाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. तिनं लुगडं वर सारलं. हळद माखलेली चिंधी ओली होती.

"आठ दिस झाले, पाणी सुटून राह्यलं. तू रोज बरं हाय ना म्हणे, मंग मी नाही कशी म्हणू?"

सुनयनानं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. दवाखान्यात न्यायला बोलावलेली रिक्षा येईपर्यंत मायनं सांगितलं ते सगळं तिनं मायच्याच शब्दांत कागदावर उतरवलं, आणि खाली निदानाची जागा डॉक्टरांसाठी कोरी ठेवली.