बुजवलेली देवळी

"साहेब, थांबा! भिंत बसायली!"

मिस्त्री ओरडला आणि माझा हात प्रॉपवरच थांबला. प्रॉप म्हणजे स्लॅब तात्पुरता तोलून धरणारे लोखंडी खांब. मधली भिंत काढून तिच्या जागी आम्ही स्टीलचा बीम चढवला होता. प्रॉप ढिले करून भार बीमवर सोडायचा, एवढंच उरलं होतं. पण बीमच्या एका टोकाखाली बाजूच्या भिंतीला तडा गेला आणि बघता बघता वाढला. "प्रॉप परत आवळा!" मी म्हणालो.

उस्मानपुऱ्यातलं जुनं, छोटंसं घर. मालक संजय, शाळेत क्लार्क. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याची आई मागच्या अंधाऱ्या खोलीत पडून होती. पुढची खोली इतकी अरुंद, की खाट टाकली तर दार उघडेना. म्हणून दोन्ही खोल्या एक करायच्या होत्या. "सर, आईला रस्ता दिसला पाहिजे, बस्स," संजय पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "लई दिवस उरले नाईत तिचे."

भिंत आपला भार सगळ्या लांबीवर वाटून घेते. बीम तोच भार दोन टोकांवर आणतो. म्हणून टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा ओततात, त्याला बेड ब्लॉक म्हणतात. तो मी दिला होता. पण ब्लॉकखालची भिंत भरीव आहे का, हे हातोडीने ठोकून बघायचं असतं. मी सगळीकडे ठोकलं, फक्त आईंच्या खाटेमागे नाही. खाट हलवली की त्या कळवळायच्या. "राहू द्या, त्रास नको त्यांना," मीच म्हणालो होतो. मोठा दयाळू! पुढे कामासाठी खाट हलली, तेव्हाही तिथं ठोकून बघायचं राहून गेलं.

तड्याजवळचं प्लास्टर फोडलं. आत मातीत नुसत्या रचलेल्या विटा आणि मागे पोकळी. काम सुरू झाल्यापासून आईंना स्वयंपाकघरात हलवलं होतं. तिथून आवाज आला.

"तिथं भिंतीत देव ठेवायची देवळी व्हती. मामंजींनी धम्माची दीक्षा घेतली, देव नदीत सोडले अन् सवताच्या हातानं ती बुजवली. मी नवी नवरी. माती कालवून देत व्हते."

"आई, आधी का नाय सांगितलं?" संजय म्हणाला.

"मला कुणी इचारलं का?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. मी त्यांच्या खोलीत चार वेळा गेलो होतो. दरवेळी नमस्कार केला, पण भिंतीबद्दल एक शब्द विचारला नाही.

तेवढी भिंत खालपासून सिमेंटमध्ये बांधली. ब्लॉक पुन्हा ओतला. आता त्यावर पाणी मारत दोन आठवडे थांबायचं.

"सर, चार दिवसांत नाय का व्हणार?" संजयने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. निदान तिथं तरी मी बरोबर होतो.

धुळीत नको म्हणून आईंना मुलीकडे, करमाडला नेलं. अकराव्या दिवशी सकाळी संजयचा फोन आला. "सर, आई गेली."

त्यांना घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं होतं. दार सताड उघडं. लोक प्रॉपना वळसा घालून फुलं वाहत होते. संजयने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट पाणी विचारलं. मी प्रॉप घट्ट आहेत का ते तपासत राहिलो. त्या घरात रडायचा हक्क मला नव्हता.

पुढे प्रॉप काढले. बीम केसभरही हलला नाही.

आता जुन्या घरात हातोडी काढण्याआधी मी सगळ्यात वयस्कर माणसापाशी बसतो आणि भिंतींबद्दल विचारतो. खाट भिंतीला लागून असेल तर हलवायला लावतो. माणूस कण्हतो, घरचे माझ्यावर चिडतात. चिडू देत.