धरलेला दोर

देवास संस्थानच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू-कनातींच्या खात्यात, असताना कोंडाजीच्या घराण्याने उभारलेला तंबू वाऱ्याने कधी पडला नव्हता. बापाने कोंडाजी आणि राणोजी या दोघा भावांना एकच गोष्ट शिकवली होती. वारा आला की दोर धरून बसायचे. वावटळ झाली तरी ती ओसरतेच.

संस्थान विलीन झाले आणि भाऊ सरकारी समारंभांचे मंडप घालू लागले. त्यातच एकदा धारजवळच्या माळावर मंत्र्यांचे मोठे विमान उतरले. भाषणे संपली. मंत्री परत विमानात बसले आणि निघण्यासाठी विमान वळले, तेव्हा त्याचे शेपूट मंडपाकडे आले.

"लांब व्हा रे, पंख्यांचा वारा लागेल!" शिपाई ओरडला.

"शिपाई भिया, आमचा सगळा जन्म वाऱ्यात गेला. तुमचा पंखा काय उडवणार?" धाकटा राणोजी हसला.

पंखे गरजले. धुळीची भिंत अंगावर आली, मंडपाचे कापड पोटासारखे फुगले.

"दोर सोडू नको रे!" कोंडाजी म्हणाला.

राणोजीने दोर मनगटाला गुंडाळला. पण हा वारा ओसरेना. विमान तिथे उभे होते तोवर तो तसाच येत राहिला. खुंट्या उखडल्या, मंडप उडाला आणि त्याच्याबरोबर राणोजीही. खडकावर आपटून तो गतप्राण झाला, तेव्हाही दोर मनगटालाच होता.

कोंडाजी पुढेही मंडप घालत राहिला. पण कनात जराशी फडफडली की तो आपल्या माणसांना ओरडे, "सोडा, दोर सोडा!" दोन लग्नांत मंडप वऱ्हाडावर कोसळला. मग देवासात त्याला कोणी बोलावले नाही.